मास्तरांच्या नावापुढचं अक्षर

मुद्रितशोधकाला निवृत्त करू नये. अगदीच नाइलाज असेल, तर आधी त्याच्या इमारतीतले सगळे कागद कुलपात ठेवावेत. मी बत्तीस वर्षं औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवतात त्या चिठ्ठ्या तपासल्या. त्या चिठ्ठ्या कुणी वाचत नाही हे मला मान्य आहे, पण कुणी वाचल्या असत्या तर त्यांत चूक सापडली नसती. 'दिवसातून दोनदा' आणि 'दोन दिवसांतून एकदा' यांच्यामध्ये माणसाचा जीव अडकलेला असतो, असं मी खात्यात नव्याने आलेल्यांना सांगत असे. ते मान डोलवत आणि चहाला जात.

निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. लाँड्रीच्या पावतीवर मी लाल पेनाने खुणा करून ती परत पाठवू लागलो, तेव्हा बायको म्हणाली की काहीतरी काम हातात घ्या, नाहीतर लाँड्रीवाला आपले कपडे घेणं बंद करील. नेमक्या त्याच आठवड्यात इमारतीच्या दारावर बेलचं नवं यंत्र बसवायचं ठरलं. भिंतीत एक काचेचा पडदा, त्यावर रहिवाशांची नावं. आलेल्या माणसाने नावावर बोट ठेवायचं, यंत्र त्या घरच्या फोनवर घंटी वाजवणार, घरातल्याने बटण दाबलं की दार उघडणार. त्यासाठी नावांची आणि फोन नंबरांची यादी हवी होती. समितीने विचारलं, कोण करतं? मी हात वर केला. दुसरा एकही हात वर नव्हता, तरी मी चार-पाच उमेदवारांना पाडल्यासारखा सभोवार पाहून खाली बसलो.

नुसती यादी कुणीही करील. मला त्यात काही वेगळं करायचं होतं. मी सुचवलं की प्रत्येकाचं नाव त्याच्या घरच्या लिपीत असावं, कारण नाव हे माणसाचं तोंड आहे आणि तोंडाचं भाषांतर होत नसतं. या वाक्यावर मी आदल्या दिवशी दोन तास खर्च केले होते. अध्यक्षांना जांभई आली आणि तीच संमती समजून ठराव झाला.

इमारतीत घरं एकोणीस, लिप्या पाच. चार लिप्या डावीकडून उजवीकडे शहाण्यासारख्या जात होत्या. पाचवी तिसऱ्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांची, ती उजवीकडून डावीकडे जायची. मास्तर मागच्या बाजूच्या घरात राहायचे आणि तिथेच शिवायचे. मी त्यांना योजना सांगितली तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली.

"माझ्या अक्षरांत? खाली, दारावर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो. त्यांनी फोनवर आपलं नाव लिहून मला पाठवलं. मग पुन्हा एकदा पाठवलं, आणि एखादं वाटेत खराब झालं तर असू द्यावं म्हणून तिसऱ्यांदाही पाठवलं.

मी ते नाव संगणकावरच्या यादीत चिकटवलं आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली. खान्यात नाव पडताच ओळच उजव्या कडेपासून सुरू झाली. ठीक आहे, त्यांची पद्धत आहे. मग मी नंबर लिहायला घेतला. पंचावन्न, एकतीस, शून्य आठ, चौऱ्याहत्तर, अशा चार जोड्या, मध्ये एकेक मोकळी जागा. मी एक जोडी लिहिली की पुढची जोडी तिच्या उजवीकडे यायच्या ऐवजी डावीकडे जाऊन बसे. सगळा नंबर लिहून झाला तेव्हा पडद्यावर चौऱ्याहत्तर, शून्य आठ, एकतीस, पंचावन्न असा उभा होता. पुसायला जावं तर भलतंच टोक पुसलं जाई. कर्सर पुढे म्हटलं की मागे पळे. बत्तीस वर्षांत एकाही ओळीने माझा असा अपमान केला नव्हता.

सल्ल्यांची कमतरता नव्हती. पहिल्या मजल्यावरचे कप्तान आयुष्यभर जहाजावर होते. त्यांच्या मते यंत्राचं तोंड दक्षिणेला होतं म्हणून असं होत होतं, तेव्हा मी टेबल फिरवून पाहिलं. समोरच्या औषधवाल्याने यंत्र तापलं असेल म्हणून दोन दिवस बंद ठेवायला सांगितलं. तेही मी केलं, आणि त्या दोन दिवसांत घरात फार शांतता होती असं बायको अजून सांगते. ती एवढंच म्हणत होती की पुतणीला फोन करा, तिचा रोजचा धंदा आहे हा. पण या पुतणीला पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवायला शिकवलं होतं. तिला आता मी विचारायचं, की बाई गं, ओळ कुठून सुरू होते?

पाचव्या दिवशी मला युक्ती सुचली. यंत्र जोड्या उलट्या लावतं ना? मग आपण मुळातच उलट्या लिहायच्या. मी आधी चौऱ्याहत्तर लिहिलं, मग शून्य आठ, मग एकतीस, शेवटी पंचावन्न. पडद्यावर पाहतो तर पंचावन्न, एकतीस, शून्य आठ, चौऱ्याहत्तर, अगदी जसं हवं तसं. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. यादी छापली, तीनदा वाचली, अंकाअंकावर टिक करून खाली 'तपासले, बरोबर आहे' लिहिलं आणि सही ठोकली.

यादीचं कौतुक झालं. यंत्र बसवणाऱ्याने माझी फाइल जशीच्या तशी यंत्रात भरली. मास्तर तीन वेळा खाली येऊन काचेतल्या आपल्या नावासमोर उभे राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी बोटाने ती ओळ पुसली, खरं तर तिच्यावर धूळ नव्हती.

त्यानंतर मास्तरांची गिऱ्हाइकं दारातून परत जाऊ लागली. बेल दाबली की कुणी दार उघडत नाही, अशी तक्रार माझ्या कानावर आली. यादी माझी असल्यामुळे बेलही माझीच, अशी माझी समजूत झाली होती. मी वर गेलो. मास्तर एका गृहस्थाच्या अंगावर कोटाचं माप घेत होते. त्या टाचण्या लावलेल्या गृहस्थासमोर मी मास्तरांना फोन उचलण्याच्या शिस्तीवर बरंच ऐकवलं. ते म्हणाले, फोन वाजतच नाही. मी खिशातून यादी काढून नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, हा तुमचाच ना? ते म्हणाले, माझाच. मग? मी विचारलं. ते मलाच सॉरी म्हणाले, आणि त्या दिवसापासून फोन सदऱ्याच्या खिशात घालून शिवायला बसू लागले. मी तेवढ्यावर थांबलो नाही. लिफ्टमध्ये नोटीस लावली, की 'तिसऱ्या मजल्यावर मागील बाजूस राहणाऱ्या काही रहिवाशांनी' फोन उचलण्याची दक्षता घ्यावी. त्या बाजूला घर एकच होतं. हे लिहिताना मला नोटिशीची भाषा फार सभ्य वाटली होती.

पंधरा दिवसांनी अध्यक्षांना एका पियानो शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. शिकवणी ऐन रंगात आली की फोन वाजतो आणि कुणीतरी विचारतं, मास्तर, पँट झाली का? पहिले चार दिवस त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं होतं. अध्यक्षांनी प्रकरण माझ्याकडे सोपवलं. मी रुबाबात बाईंना फोन करून म्हटलं, तुमचा नंबर सांगा, तपासून पाहतो. त्या म्हणाल्या, चौऱ्याहत्तर, शून्य आठ, एकतीस, पंचावन्न.

मी तो कागदावर लिहिला आणि वर मास्तरांचा लिहिला. त्याच चार जोड्या, उलट्या क्रमाने. बाई पलीकडून हॅलो हॅलो करत होत्या. मी फोन खाली ठेवला.

पुतणी संध्याकाळी आली. तिने फाइल उघडली, एकदा पाहिलं आणि हसू आवरलं. तिने ते आवरलं हे मला दिसलं, म्हणून ते जास्त लागलं. ती म्हणाली, यंत्र अक्षरं ज्या क्रमाने आपण टाइप करतो त्याच क्रमाने पोटात ठेवतं. ती पडद्यावर कुठल्या बाजूने मांडायची हे ते नंतर ठरवतं. अक्षरांना स्वतःची दिशा असते, पण हे सुटे आकडे आजूबाजूला कोण आहे ते पाहून रांग लावतात. उजवीकडून चालणाऱ्या नावाच्या शेजारी बसले की त्यांच्या जोड्याही उजवीकडून लागतात.

"काका, तुम्ही पडदा बरोबर केलात," ती म्हणाली. "पोटात चुकीचा नंबर भरलात."

मग करायचं काय? तिने जोड्या सरळ क्रमाने लिहिल्या आणि नाव आणि नंबर यांच्यामध्ये काहीतरी घातलं. नंबर पडद्यावर जागच्या जागी सरळ झाला. काय घातलंस? ती म्हणाली, एक अक्षर. मी चष्मा पुसला. कुठे आहे? ती म्हणाली, दिसत नाही ते. त्याला आकार नाही, रुंदी नाही, छापलं तर शाई लागत नाही. त्याचं काम एवढंच, की शेजाऱ्यांना सांगायचं, इथे डावीकडून उजवीकडे चला. अशी आणखीही आहेत. उलट दिशा सांगणारं आहे. एक तर पुढची सगळी ओळच उलटी करून टाकतं, बंद करणारं दुसरं अक्षर येईपर्यंत. लबाड लोक ते फाइलीच्या नावात घुसवतात, म्हणजे घातक फाइल साध्या फोटोसारखी दिसते आणि साधी माणसं ती उघडतात. मी भिंग आणून पडद्याला लावलं. नाव आणि नंबर यांच्यामध्ये स्वच्छ पांढरी जागा होती. ज्याने जन्मभर दिसेल ते तपासलं, त्याला या वयात न दिसणारं अक्षर भेटावं, यासारखी थट्टा नाही.

दुरुस्ती झाली म्हणजे काम संपलं असं आमच्या इमारतीत नसतं. यादीत बदल करायचा तर सभेत ठराव हवा, आणि ठरावाला 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन प्रती जोडायला हव्यात. हा नियम सहा वर्षांपूर्वी मीच घालून घेतला होता. दोन प्रती छापून मी पुतणीला घेऊन सभेला गेलो. अध्यक्षांनी दोन्ही प्रती खिडकीच्या उजेडात एकावर एक धरल्या. कप्तानांनी कागद उलटा करून पाहिला. अध्यक्षांनी विचारलं, फरक कुठे आहे? पुतणी म्हणाली, मध्ये एक अक्षर आहे. दाखवा. दिसत नाही. मग आहे कशावरून? सचिवांना इतिवृत्ताची काळजी पडली, की 'न दिसणारे अक्षर घालण्यास सर्वानुमते मंजुरी' असं लिहिलं तर तपासायला येणारे काय म्हणतील. कप्तानांचं म्हणणं पडलं की एक अक्षर घालू दिलं तर उद्या प्रत्येक जण मागेल.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही तपासनीस आहात, तुम्हीच सांगा, पहिल्या यादीत चूक आहे का? पहिल्या यादीखाली माझी सही होती. 'मी आकडे उलटे टाइप केले' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "वरवर पाहता दोन्ही प्रती बरोबर आहेत. विषय तांत्रिक आहे, पुढच्या सभेत घ्यावा." पुढची सभा तीन आठवड्यांनी होती. पुतणीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. घरचं माणूस म्हणून तिने मला तिथे खोडून काढलं नाही, खाली उतरल्यावर मात्र चहाला न थांबता निघून गेली.

मास्तरांना तरी सांगायला हवं होतं. उद्या सांगू असं मी रोज ठरवत होतो. ते जिन्यात भेटले की सदऱ्याचा खिसा दाबून मला खूण करत, फोन आहे हं जवळ. मी मान हलवून शाबासकी दिल्यासारखं करत असे. एका माणसाला आपण चोवीस तास फोन छातीशी धरून फिरायला लावलं आहे, हे मला कळत होतं. लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी लिफ्टने जायचो.

सभेनंतर नवव्या दिवशी दुपारी मी आणि अध्यक्ष दाराशी उभे होतो. वरचा दिवा बदलायचा की नाही यावर चर्चा चालली होती. एक बाई आली. पन्नाशीची असेल. चपलांवर धूळ, काखेत कपड्यांचं गाठोडं. काचेवरच्या नावांवरून तिने बोट वरून खाली नेलं, एका नावाशी थांबली आणि हसली. बेल दाबली. थोड्या वेळाने पुन्हा दाबली. पियानोवाल्या बाईंनी एव्हाना आमच्या दाराचे फोन घेणं बंद केलं होतं. तिने माझ्याकडे वळून तिच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि मास्तरांच्या नावावर बोट ठेवलं.

"हा मास्तर फोन उचलतच नाही का हो?" अध्यक्ष मला म्हणाले. "नोटीस तुम्हीच लावली होती ना?"

माझ्या खिशात दाराची किल्ली होती. मास्तर वर बसले आहेत हेही मला ठाऊक होतं. पण दार उघडून तिला वर नेलं असतं तर अध्यक्षांनी विचारलं असतं, ते घरी आहेत हे तुम्हाला कसं माहीत? आणि मग नोटिशीचं काय? मी मनाशी म्हटलं, गिऱ्हाईक आहे, गाठोडं घेऊन आलंय, उद्या येईल. मी त्या बाईकडे पाहून मान हलवली आणि हाताने खूण केली, नाही, घरी कुणी नाही. तिला ते लगेच समजलं. आम्ही दिव्याची चर्चा संपवली. मी घरी येऊन खिडकीतून पाहिलं तर ती पायरीवर बसली होती. अर्ध्या तासाने पाहिलं तेव्हाही होती. मी पडदा सारून घेतला. त्यानंतर पाहिलं तेव्हा पायरी रिकामी होती.

सव्वातीनला दार वाजलं. मास्तर उभे होते. अंगात नवा सदरा, हातात फोन.

"माफ करा," ते म्हणाले. "खाली माझी बहीण आली होती का? बेल बिघडली असेल तर तुम्हाला माहीत असेल, म्हणून विचारलं."

नऊ वर्षांनी बहीण भेटणार होती. दूरच्या प्रवासात तिची बस या शहरात चार तास थांबणार होती. तिचा फोन इकडे चालत नव्हता. चुकामूक नको म्हणून ती म्हणाली होती, तू घरीच थांब, मला तुझं घर बघायचंय. दारावर माझं नाव आपल्या अक्षरांत आहे, वाचता येईल तुला, असं मास्तरांनी तिला कळवलं होतं. सकाळपासून त्यांनी शिलाईचं यंत्रही चालवलं नव्हतं, आवाजात फोन ऐकू आला नाही तर काय घ्या.

मी विचारलं, बस किती वाजता सुटते? ते म्हणाले, चारला. मी चपला घातल्या. टॅक्सीत ते मला धीर देत होते, की बस उशिरा सुटतात, तुम्ही काळजी करू नका. पुढच्या सिग्नलला सांगू, असं मी प्रत्येक सिग्नलला ठरवत होतो. बायको आजही विचारते की टॅक्सीत तरी का नाही सांगितलंत.

बस फलाटाला लागलेली होती. बहीण खिडकीपाशी बसली होती. भावाला पाहून ती सगळ्यांच्या पायांवरून खाली उतरली. फलाटावरच्या घड्याळात चारला तेरा मिनिटं कमी होती. दोघं एकाच वेळी बोलत होती, एकमेकांचे चेहरे चाचपत होती. तिने गाठोडं सोडलं. आत एक जुना कोट होता, अस्तर उसवलेला. वडिलांचा असावा, कारण मास्तरांनी तो नाकाशी धरला. मी नळापाशी उभा राहून बसचं वेळापत्रक वाचत होतो. त्यात दोन चुका सापडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद झाला नाही.

मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला ओळखलं, ते तोंडावर स्पष्ट दिसलं. तिने भावाला काहीतरी सांगितलं. मास्तरांनी वळून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे तोंड केलं. मला वाटलं, ओळख करून दिली असेल, हेच ते नाव लावणारे. मी दोन्ही हात जोडून अदबीने हसलो. बाईने हात जोडले नाहीत. बस बरोबर चारला सुटली.

परत येताना आम्ही साध्या बसने आलो. मास्तरांच्या मांडीवर कोट होता, ते उसवलेल्या अस्तराच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. दोन थांबे गेल्यावर मी बोललो. सगळं सांगितलं. उलटे आकडे, सभा, दाराशी केलेली खूण, खिशातली किल्ली, खिडकीचा पडदा. माझा आवाज मध्येच फुटला आणि पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून पाहिलं.

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिने सांगितलं मला."

"कधी?"

"तिथेच. तुम्ही नमस्कार केलात, त्याच्या आधी."

मी विचारलं, मग तुम्ही तिथे मला काहीच का बोलला नाहीत?

मास्तरांनी कोटाची घडी घातली. "तेरा मिनिटं होती," ते म्हणाले. "ती तुमच्यावर कशाला घालवू?"